रायफल काळी, लालसर, हिरवी, वाळूच्या रंगाची... हा रंग ठरवतं कोण?

मिहीर_सांगली

मंडळी नमस्कार, बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न विचारतोय. लष्करी रायफलींचे जुने फोटो बघायचा नाद आहे मला आणि एक गोष्ट सारखी जाणवते की प्रत्येक रायफलीला एक रंग चिकटलेला आहे. व्हिएतनाममधला अमेरिकन शिपाई म्हटलं की काळी एम-१६, रशियन म्हटलं की लालसर लाकडाची एके आणि तिचं ते नारिंगी मॅगझिन, ऑस्ट्रियावाल्यांची स्टायर हिरवी, आपली थ्री-नॉट-थ्री तपकिरी, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत बघावं तिकडे वाळूचा रंग. आता हे कुणीतरी बसून ठरवतं का? म्हणजे एखादी कमिटी वगैरे? कॅमोफ्लाज म्हणावं तर जंगलात काळं काय असतं हो, आणि नारिंगी मॅगझिन तर लांबूनही उठून दिसेल. मग हे रंग आले कुठून आणि इतके पक्के कसे बसले? ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

टाकीवाला

मिहीरभाऊ, मी भोसरीला सरफेस ट्रीटमेंटमध्ये आहे, ब्लॅकोडायझिंग, फॉस्फेटिंग, अ‍ॅनोडायझिंग हेच रोजचं काम, त्यामुळे माझ्या बाजूने सांगतो. लोखंडी भागापुरतं बोलायचं तर रंग कुणी निवडलेलाच नाही. गंज लागू नये म्हणून जे केलं त्याचा जो रंग आला तो रायफलीचा रंग झाला, बस.

जुन्या मस्केटी उघड्या पोलादाच्या असायच्या, शिपाई विटेची पूड लावून घासून घासून चकचकीत ठेवायचे. दिसायला छान, पण ऊन पडलं की मैलभरावरून चमकणार. इंग्रजांनी १८०० च्या सुमारास त्यांच्या खास नेमबाज तुकड्यांना बेकर रायफल दिली, हे लोक लाल डगल्याऐवजी गडद हिरवे कपडे घालायचे आणि त्यांच्या नळ्या तपकिरी केलेल्या असायच्या. आता ही तपकिरी कशी करायची तर चक्क गंज चढवून! आम्लाचं पाणी लावायचं, गंजू द्यायचं, सुटा गंज ब्रशने काढायचा, परत लावायचं, असं चार-पाच वेळा केलं की बारीक घट्ट तपकिरी थर बसतो आणि पुढचा गंज बऱ्यापैकी थांबतो. तोच गंजलेला भाग मध्ये मध्ये उकळत्या पाण्यात घातला की लाल ऑक्साइडचं काळं ऑक्साइड होतं, म्हणजे मॅग्नेटाइट. म्हणजे तपकिरी आणि काळी यात फरक फक्त उकळत्या पाण्याचा आहे बघा.

नंतर कारखान्यात लाखांनी रायफली निघायला लागल्यावर एवढा वेळ कुणाला, मग कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटची साधारण १४० डिग्रीची टाकी आली, जॉब बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत निळसर काळा होऊन बाहेर. आम्ही आजही नटबोल्टवर हेच करतो. पण हा थर फार पातळ, मायक्रॉनभराचा, तेल नसेल तर पावसाळ्यात दोन दिवसांत लाल पडतो.

म्हणून फॉस्फेटिंग, म्हणजे लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवणं. अमेरिकेने पहिल्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी स्प्रिंगफील्ड रायफलींवर सुरू केलं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या गॅरंड रायफलीवर तर सरसकट. हा थर जाड आणि खरबरीत असतो, तेल धरून ठेवतो आणि मुख्य म्हणजे चमकत नाही. झिंक फॉस्फेट केलं की राखाडी येतं, मँगनीज केलं की कोळशासारखं गडद. जुन्या गॅरंडची ती हिरवट राखाडी छटा आज संग्राहक लोक शोधत असतात, पण ती कुणी ठरवून दिलेली नव्हती, टाकीतलं रसायन आणि वर्षानुवर्षं मुरलेलं ग्रीज.

एम-१६ चं वेगळं प्रकरण आहे, तिचा वरचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, त्यावर हे काहीच चालत नाही, तिथे हार्ड अ‍ॅनोडायझिंग लागतं, म्हणजे वीज सोडून अ‍ॅल्युमिनियमवरच कडक ऑक्साइडचा थर चढवायचा. ते दुसऱ्या कुणीतरी लिहा, आत्ता गाडी लोड करायची आहे.

जुनी_पलटण

टाकीवाले साहेबांनी लोखंडाचं सांगितलं, मी लाकडाचं सांगतो. मी फौजेत एसएलआर आणि नंतर इन्सास या दोन्ही रायफली वापरल्यात आणि रिक्रूट असताना ड्रिल थ्री-नॉट-थ्रीवर केलंय.

लोक म्हणतात थ्री-नॉट-थ्री तपकिरी, पण दहा नग शेजारी ठेवा, दहा रंग दिसतील. लाकूड जसं मिळेल तसं लावलेलं. इंग्लंडात आधी अक्रोड वापरायचे, युद्धात अक्रोड पुरेना तेव्हा बीच आणि बर्च लावलं, ते फिकट. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यात त्यांचं तिकडचं कोचवुड, ते लालसर. आपल्याकडे ईशापूरला बनायच्या त्यांचा आणखी वेगळा. जर्मनांनी तर त्यांच्या माउझर रायफलीला अक्रोड सोडून बीचच्या पातळ फळ्या चिकटवून केलेलं लाकूड लावलं, त्यावर पट्टे पट्टे दिसतात. मग सगळ्या एकसारख्या तपकिरी का वाटतात? तर तेल. जवसाचं तेल. बटाला, हँडगार्डला चिंदीने जवसाचं तेल चोळायचं, हाताच्या उबेने मुरवायचं, वर्षानुवर्षं. तेल जुनं झालं की काळपट लाल होतं. वर हाताचा घाम, धूळ, कोतमधला, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीतला ओलावा. पन्नास वर्षं असं चोळल्यावर कुठलंही लाकूड त्याच रंगाला येतं. तो रंग कारखान्याने दिलेला नाही, शिपायांनी दिलाय, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

एक रंग मात्र खरंच हुकमाने लावायचे तो सांगतो. ड्रिलची रायफल, डीपी म्हणतात, जिच्यातून गोळी झाडायची नाही, तिच्या लाकडावर इंग्रजी पद्धतीत पांढरा पट्टा असतो. एनसीसी केलेल्यांना डीपी माहीत असेल. आणि १९४० साली फ्रान्स पडल्यावर इंग्लंडात होमगार्डसाठी अमेरिकेतून एम-१९१७ रायफली आल्या, दिसायला जवळजवळ इंग्रजांच्याच पॅटर्न १४ सारख्या, पण कार्ट्रिज अमेरिकन थर्टी-नॉट-सिक्स. गडबडीत कुणी थ्री-नॉट-थ्रीचा राऊंड भरला तर रायफल ऐनवेळी बंद. म्हणून लाकडावर दोन इंच रुंद लाल पट्टा मारला, लाल दिसला की अमेरिकन गोळी. अंधारात, म्हाताऱ्या माणसालासुद्धा कळेल असं. रायफलीवरचा रंग असावा तर असा, कामाचा.

मिहीर_सांगली

वा, दोन्ही प्रतिसाद जबरदस्त, जवसाचं तेल तर अजिबात डोक्यात नव्हतं. पण मग एम-१६ ला काळी कुणी केली, आणि रशियन नारिंगी मॅगझिन? ते तर गंजाचंही नाही आणि तेलाचंही नाही.

दफ्तरी

हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे लांबण लागेल, चालवून घ्या.

एम-१६ ज्या आर्मालाइटमधून निघाली ती फेअरचाइल्ड या विमान बनवणाऱ्या कंपनीची शाखा होती. यूजीन स्टोनर आणि त्याचे सहकारी विमानाच्या मालमसाल्यातूनच विचार करत होते, अ‍ॅल्युमिनियम, फायबरग्लास, प्लास्टिक. हेतू वजनाचा. तेव्हाची सरकारी रायफल म्हणजे १९५७ ची एम-१४, अक्रोडाची, चार किलोच्या वर, आणि व्हिएतनामच्या दमट हवेत लाकूड फुगतं, नळीवर दाब येतो, नेम सरकतो. आर्मालाइटची एआर-१५, जिची पुढे एम-१६ झाली, ती तीन किलोच्या आत. १९५९ मध्ये हक्क कोल्टला विकले गेले, १९६२ मध्ये हवाई दलाने ८,५०० घेतल्या, त्याच वर्षी हजारेक रायफली व्हिएतनामला चाचणीसाठी गेल्या आणि १९६३ मध्ये लाखभराची पहिली मोठी ऑर्डर आली.

आता मजेशीर भाग. ही ‘काळी’ रायफल सुरुवातीला काळी नव्हतीच! कोल्टच्या अगदी पहिल्या एआर-१५ चा दस्ता आणि हँडगार्ड तपकिरी मटेरियलचे होते आणि त्यावर हिरवा रंग मारलेला होता. रंग खरवडला की खालून तपकिरी दिसायचं. पुढे हे प्लास्टिक काळंच घ्यायला लागले. माझ्या मते त्यामागे सोय आहे, काळा रंग प्लास्टिकच्या आतच असला की वरून मारायची भानगड नाही, ओरखडा पडला तरी आत काळंच, शिवाय तो उन्हात टिकतो. आणि सांगाडा? व्हिएतनाम काळातल्या एम-१६ चं अ‍ॅल्युमिनियम चक्क राखाडी दिसतं, रंगीत फोटो नीट बघा. पूर्ण काळी नंतरच्या काळात झाली.

पण माणसांच्या मनात ती पहिल्यापासूनच काळी, कारण शेजारी काय होतं? लाकूड. आज्या-पणज्यांपासून बंदूक म्हणजे लाकूड आणि लोखंड, आणि एकदम हे हलकं, प्लास्टिकचं काहीतरी हातात आलं. शिपाई तिला मॅटेलची म्हणायचे, खेळणी बनवणारी मॅटेल, आणि मॅटेलने खरंच पार्ट बनवले अशी अफवा आजही फिरते, ती खोटी आहे. त्यात सुरुवातीच्या वर्षांत रायफली अडकायला लागल्या, काडतुसातली पावडर बदललेली, चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाला, क्रोमचा मुलामा नाही, साफसफाईचं सामान पोचलेलं नाही, आणि पोरं लढाईत बंद पडलेल्या रायफली हातात घेऊन मेली. १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसची चौकशी झाली. काळ्या रंगाला जो संशय चिकटला तो इथला आहे असं मी मानतो. रंग निमित्त, दुखणं वेगळं होतं.

आता रशिया. एकेचं लाकूड म्हणजे बर्च, तो त्यांच्याकडे मुबलक. पुढे १९५९ च्या एकेएमवर बर्चचे पातळ थर चिकटवलेलं प्लायवूड आलं, कारण ते वाकत नाही, फुगत नाही आणि साध्या लाकडातून फार वाया जातं. बर्च मुळात फिकट पिवळसर असतो, लाल रंग आला तो वरच्या लाखेच्या व्हार्निशमधून. एवढंच. चिनी टाइप ५६, म्हणजे चीनमध्ये बनलेली एके, त्यांच्या लाकडामुळे वेगळी दिसते, पूर्व जर्मनीवाल्यांनी तर लाकूड सोडून तपकिरी खवल्याखवल्यांचं प्लास्टिक लावलं. एकाच रायफलीला देशोदेशी वेगळा रंग, जाणकार माणूस फोटोतल्या दस्त्यावरून कारखाना कुठला ते सांगतो.

आणि ते नारिंगी मॅगझिन! आधी मॅगझिनं जाड पत्र्याची होती, भरून चार बाळगली की कंबर मोडायची. मग काचतंतू घातलेल्या फिनॉलिक रेझिनची काढली. सगळे त्याला बेकेलाइट म्हणतात. रेझिनचा स्वतःचाच रंग असा विटकरी-नारिंगी आणि त्यात काचेचे धागे वर दिसतात, संगमरवरासारखे. कुणी नारिंगी रंग घातलेला नाही! १९७४ च्या एके-७४ बरोबर ती सगळीकडे गेली, अफगाणिस्तानात १९७९ ते ८९ ती सोव्हिएत सैनिकाच्या छातीवर दिसायची आणि जगाने तो रंग लक्षात ठेवला. दिसतं हे त्यांनाही कळत होतंच, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक आलं ते जांभूळ रंगाचं, आणि १९९१ च्या एके-७४एमवर सगळंच काळं. आता अमेठीजवळ कोरव्याला आपल्यासाठी एके-२०३ बनते तीही काळीच. तिच्याकडे बघून लाल लाकडाची आठवण काढणारे माझ्यासारखे बरेच आहेत.

खडकीवाली

दफ्तरी, अप्रतिम लिहिलंय. फक्त आपल्या इन्सासचा उल्लेख राहिला. तिचं डिझाइन आपल्या पुण्यातच झालं, पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्र संशोधन संस्थेमध्ये. तिच्यावर लाकडी आणि काळं प्लास्टिक असे दोन्ही प्रकार दिसतात. आणि मॅगझिन अर्धपारदर्शक, आत किती राऊंड उरलेत ते बाहेरून दिसावं म्हणून. कल्पना मला आजही चांगलीच वाटते, पण कारगिलच्या थंडीत ती मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या.

आमच्या खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, त्यामुळे लहानपणापासून घरात गोळ्यांच्या गप्पा ऐकलेल्या. मिहीर, तुम्हाला नियमाने ठरलेला रंग बघायचा असेल तर रायफलीकडे नको, गोळीच्या टोकाकडे बघा. नाटो पद्धतीत ५.५६ ची एसएस-१०९ जातीची साधी गोळी म्हणजे हिरवं टोक, अमेरिकन ट्रेसर, म्हणजे जाताना उजेडाची रेघ सोडणारी गोळी, नारिंगी टोकाची, ७.६२ ची चिलखतभेदी काळी. आणि सोव्हिएत ७.६२ मध्ये हिरवं टोक म्हणजे ट्रेसर! तोच हिरवा, दोन ठिकाणी दोन अर्थ. दोन्हीकडची शस्त्रं वापरणाऱ्या सैन्याला हे तोंडपाठ असावंच लागतं.

अनघा_टोरांटो

थोडा वेगळा मुद्दा, पण मला महत्त्वाचा वाटतो म्हणून लिहितेय. उत्तर अमेरिकेत ‘काळी रायफल’ हा आता राजकीय शब्द झालाय. काळी दिसली की लोकांना ती युद्धातली वाटते आणि लाकडी दिसली की शेतकऱ्याची, शिकाऱ्याची. रुगर मिनी-१४ नावाची रायफल सत्तरच्या दशकापासून विकली जाते, लाकडी दस्ता, बघून कुणाला भीती वाटणार नाही. काडतूस तेच .२२३, चालतेही सेमी-ऑटोमॅटिकच, म्हणजे नागरी एआर-१५ करते तेच काम. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या इकोल पॉलिटेक्निकमध्ये एका माणसाने १४ तरुणींना मारलं ते मिनी-१४ ने. इथे दर ६ डिसेंबरला त्यांची आठवण काढतात. कॅनडाने २०२० मध्ये बंदी घातली त्या यादीत मिनी-१४ आहे. म्हणून रंगावरून शस्त्राचा अंदाज बांधणं मला फार धोक्याचं वाटतं, दोन्ही बाजूंनी. इथे हा वाद वाढवायचा नाहीये, पण रंग मनात किती खोल बसतो याचं उदाहरण म्हणून सांगितलं.

जुनी_पलटण

अनघाताई, बरोबर लिहिलंत. शस्त्र ते शस्त्रच, लाकडाचं असो नाहीतर प्लास्टिकचं. आमचे उस्ताद पहिल्या दिवशी हेच सांगायचे.

मिहीर_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. फक्त हिरवा आणि वाळूचा राहिला. तिथे तरी रंग कुणी निवडलाय का?

दफ्तरी

हो, तिथे निवडलाय. प्लास्टिक आल्यावर पहिल्यांदा निवडायची मुभा मिळाली असं म्हणता येईल, कारण लाकडाला आणि गंजाला आपण विचारू शकत नव्हतो. ऑस्ट्रियाने १९७७ मध्ये स्टायर घेतली, तिचं जवळजवळ सगळं बाह्यांग प्लास्टिकचं आणि रंग आतपर्यंत हिरवा. ऑस्ट्रेलियाने तीच रायफल एफ-८८ म्हणून लिथगोला बनवली, वर पलटण काकांनी कोचवुडचं लिथगो सांगितलं तोच कारखाना, लालसर लाकडावरून थेट हिरव्या प्लास्टिकवर. स्वीडनची एके-५ तर धातूसकट भट्टीत भाजलेल्या हिरव्या एनॅमलची. इंग्रजांच्या एसए-८० चं प्लास्टिकही सुरुवातीला हिरवंच. म्हणजे युरोपची लढाई हिरव्या रानात होणार हे गृहीत धरून.

मग इराक आणि अफगाणिस्तान आलं. मातकट जमिनीवर काळी रायफल म्हणजे माणसाच्या छातीवर आडवी काळी रेघ. कपडे, हेल्मेट, बॅग सगळं मातीत मिसळतंय आणि ती सरळ रेघ मिसळत नाही. निसर्गात इतकं काळं आणि इतकं सरळ फार कमी असतं. उन्हात हात भाजतो ते वेगळंच. शिपायांनी आधी स्वतःच कापड गुंडाळलं, स्प्रेचे डबे आणून रंगवल्या, कारखाने मागून आले. अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसनी निवडलेली एफएन स्कार वाळूच्या रंगात आली, ब्रिटिशांची एल-८५ए३, म्हणजे एसए-८० चीच नवी आवृत्ती, तशीच, आणि २०२२ मध्ये अमेरिकन आर्मीने निवडलेली नवी सिग एक्सएम-७ तर साठ वर्षांच्या काळ्यानंतर सरळ मातकट.

मिहीर_सांगली

म्हणजे टाकीवाले भाऊ, आता अ‍ॅनोडायझिंगच्या टाकीत काळ्याऐवजी मातकट डाय टाकला की काम झालं?

टाकीवाला

नाही भाऊ, इतकं सोपं असतं तर आमचं काम हलकं झालं असतं. अ‍ॅनोडायझिंगचा थर म्हणजे बारीक बारीक छिद्रं, त्यात डाय भरायचा आणि सील करायचं. पण हार्ड अ‍ॅनोडायझिंग मुळातच गडद राखाडी येतं, ७०७५ ग्रेडच्या अ‍ॅल्युमिनियमवर तर जास्तच, त्यावर काळा सहज बसतो, फिकट रंग मळकट दिसतो आणि एका लॉटचा दुसऱ्या लॉटशी जुळत नाही. वरचा पार्ट आणि खालचा पार्ट शेजारी ठेवले की दोन छटा. म्हणून फिकट रंग पाहिजे असेल तर अ‍ॅनोडायझिंगवर सिरॅमिकचं कोटिंग मारून भट्टीत भाजतात, ते चांगलं बसतं पण खर्च वाढतो आणि कडेला घासलं की खालचं राखाडी उघडं पडतं.

आणि आणखी एक, जो डोळ्याला दिसतच नाही. रात्रीच्या दुर्बिणीला इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाशही दिसतो. काही ऑर्गॅनिक काळे डाय आपल्याला ठार काळे दिसतात, पण तो प्रकाश परत फेकतात, म्हणजे दुर्बिणीतून बघितलं की काळा पार्ट उजळ पांढुरका दिसतो आणि शेजारची फॉस्फेट केलेली पोलादी नळी काळीच राहते. त्यामुळे लष्करी कामात आता नुसता शेड कार्ड जुळवून चालत नाही, त्या प्रकाशात तो किती परावर्तित होतो त्याचंही मोजमाप मागू शकतात. डाय बदलायचा, पिगमेंट बदलायचं, परत टेस्ट पीस काढायचा. दिवसाचा रंग वेगळा आणि रात्रीचा वेगळा, दोन्ही पास व्हायला लागतात.